तीस सेकंदांची रिंग: भारतीय मोबाइलच्या दरपत्रकाचा इतिहास

फोनची रिंग किती सेकंद वाजावी, हे एके दिवशी सरकारी नियामकाला आदेश काढून ठरवावे लागेल, असे फोन वापरणाऱ्या कोणाच्या मनातही आले नसेल. १ नोव्हेंबर २०१९ रोजी नेमके तेच घडले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, सांगितले की समोरच्याने फोन उचलला नाही आणि कापलाही नाही, तर मोबाइलची रिंग तीस सेकंद वाजली पाहिजे, घरातल्या लँडलाइनची साठ सेकंद.

त्याआधीचे काही आठवडे देशातल्या बड्या कंपन्या एकमेकींच्या ईर्षेने रिंग कापत सुटल्या होत्या. पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास वाजणारी रिंग वीस-पंचवीस सेकंदांवर आली. ओल्या हाताने स्वयंपाकघरातून फोनपर्यंत पोहोचेतो रिंग थांबलेली असे. या वीस सेकंदांवर कोट्यवधी रुपयांचा हिशोब अवलंबून होता, आणि त्याच्या मुळाशी सामान्य माणसाने शोधलेली एक युक्ती होती: मिस्ड कॉल.

मोबाइलच्या मॉडेलांचा, कॅमेऱ्यांचा आणि स्क्रीनचा इतिहास पुष्कळ सांगितला जातो. दरपत्रकाचा क्वचितच. वास्तविक सामान्य ग्राहकाने तीस वर्षे जी तुलना केली, ती प्रामुख्याने दरपत्रकांची. आणि ती कोणत्या मापाने करायची, मिनिटाने, सेकंदाने, एमबीने की दिवसांनी, हे मात्र बहुतेक वेळा विकणाराच ठरवीत आला. मराठीत ‘मापात पाप’ म्हणतात. हा धागा त्या मापाचा आहे.

३१ जुलै १९९५. तेव्हाच्या कलकत्त्यातील रायटर्स बिल्डिंगमधून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीच्या संचार भवनात बसलेले केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. हा भारतातला पहिला मोबाइल कॉल मानला जातो. हँडसेट नोकियाचा, सेवा मोदी टेल्स्ट्रा कंपनीची.

त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला आठ रुपयांच्या पुढे होता. गर्दीच्या वेळी तो सोळाच्याही पुढे जाई. कोपऱ्यावरच्या दुकानात एक रुपयाचे नाणे टाकून चालणारा टेलिफोनचा डबा असताना हा दर काय वाटला असेल, याची कल्पना करता येते. त्यातही पैसे केवळ फोन लावणाऱ्याचे जात नसत, तर घेणाऱ्याचेही जात. कोणी चुकून लावलेला ‘राँग नंबर’ उचलला तरी बिल उचलणाऱ्याच्या नावावर.

निवडीला वाव जवळपास नव्हता. महानगरांत प्रत्येकी दोनच खासगी कंपन्यांना परवाने मिळाले होते. मुंबईत एक बीपीएल आणि दुसरी हचिसन मॅक्स, जिच्या सेवेचे नाव मॅक्सटच. पुढे हे नाव ऑरेंज झाले, मग हच, मग व्होडाफोन आणि २०२० मध्ये व्हीआय. ज्या मुंबईकराने तो पहिला नंबर आजतागायत जपला, त्याने जागेवरून न हलता पाच नावांच्या सेवेखाली काळ काढला. ब्रँडच्या निष्ठेविषयी बोलणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

देशाचे ‘सर्कल’ नावाचे तुकडे पाडले होते. मुंबईचे सर्कल मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणच्या टेलिफोन क्षेत्रापुरते. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे सर्कल. पणजी आणि नागपूर एका बाजूला, दादर दुसऱ्या बाजूला. त्यामुळे लोहमार्गाने पुण्याकडे निघालेला मुंबईकर कल्याण मागे टाकताच परमुलखात जाई आणि त्याला रोमिंगचे दर लागू होत. राज्याच्या नकाशाशी या नकाशाचे काही नाते नव्हते. बिल मात्र याच नकाशाने येत असे.

अशा दरपत्रकाखाली ग्राहकाला एक गोष्ट ध्यानात आली. कॉल उचलला तरच मीटर सुरू होते. रिंग वाजून थांबली, तर कोणाचाही पैसा जात नाही. पण फोन कोणी केला होता, हे स्क्रीनवर उमटलेले असते. म्हणजे पैसे न देता एक निरोप पोहोचतो: ‘मी अमुक, आणि मला तुझी आठवण झाली.’ एवढा निरोप संसाराला पुरेसा होता. एक रिंग म्हणजे खाली ये, दोन म्हणजे पोहोचलो. प्रत्येक घराने, प्रत्येक मित्रमंडळाने आपापली लिपी बनवली. कंपनीने जे विकायला काढलेच नव्हते, ते लोक फुकट वापरू लागले.

उचलणाऱ्यानेही पैसे भरायचे, ही पद्धत मोडावी असा प्रयत्न ट्रायने १९९९ मध्येच केला होता. तो न्यायालयात टिकला नाही. २००० च्या आरंभी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. त्यानंतर तीनेक वर्षे गेली. अखेर १ मे २००३ पासून, योगायोगाने महाराष्ट्र दिनीच, नवी व्यवस्था लागू झाली आणि येणारे कॉल मोफत झाले. फोन लावणाऱ्याने पैसे भरायचे. आणि लावणाऱ्याच्या कंपनीने त्यातला ठरावीक भाग उचलणाऱ्याच्या कंपनीला द्यायचा. या देण्याला ‘आययूसी’ म्हणत. हे तीन अक्षरी नाव ग्राहकाच्या बिलावर कधी दिसले नाही, तरी धाग्याच्या शेवटी तेच पुन्हा भेटणार आहे.

कॉल घेणे मोफत झाल्यावर मिस्ड कॉल नाहीसा व्हायला हवा होता. उलट त्याला बहर आला. आता त्याचा अर्थ बदलला होता: ‘माझ्याकडे पैसे कमी आहेत, तू लाव.’ विद्यार्थी वडिलांना, कामावरचा मुलगा मुकादमाला, भाजीवाला गिऱ्हाईकाला मिस्ड कॉल देई. कोणी कोणाला मिस्ड कॉल द्यायचा आणि कोणी उलट फोन करायचा, यावरून त्या दोघांतले नाते आणि पैशाची बाजू बाहेरच्यालाही वाचता येत असे. पुढे २०१० मध्ये बंगळुरूत झिपडायल नावाची एक कंपनी या सवयीवरच उभी राहिली. जाहिरातीतल्या नंबरवर मिस्ड कॉल द्या, माहिती तुम्हाला येईल, एवढाच तिचा व्यवसाय. २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली.

२००३ च्याच जुलैत रिलायन्स इन्फोकॉमने ‘मान्सून हंगामा’ आणला. सुरुवातीला ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा. उरलेली रक्कम महिन्याच्या बिलातून. तोवर हँडसेटची किंमत हीच मोठी अडचण होती. ती एका फटक्यात दूर झाल्याने दुकानांपुढे गर्दी लोटली. पण हे फोन सीडीएमए तंत्राचे होते. त्यांत काढता-घालता येणारे सिमकार्ड सहसा नसे. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा. जीएसएमच्या फोनमधून सिम काढून दुसरे घालता येई. दरपत्रक वाचताना हा फरक कोणाच्या लक्षात येत नसे. तो कळे तो दीड वर्षाने, कंपनी बदलावीशी वाटली तेव्हा.

त्याच वर्षी नोकियाने ११०० हे मॉडेल काढले. वर टॉर्च, धूळ आत जाणार नाही असा कीपॅड, घामाच्या हातातून निसटणार नाही अशी कड आणि दिवसच्या दिवस टिकणारी बॅटरी. कॅमेरा नाही, रंगीत स्क्रीन नाही. तो जगभर २५ कोटींहून अधिक विकला गेला. भारनियमनाच्या काळातल्या महाराष्ट्राला त्या टॉर्चचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आजचे तज्ज्ञ दोन फोनांची तुलना करताना प्रोसेसरची नावे घेतात. तेव्हाचा ग्राहक दुकानदाराला दोनच प्रश्न विचारी: चार्जिंग किती दिवस पुरते, आणि पडला तर फुटतो का?

कंपन्यांना मात्र लवकरच उमगले होते की भारतातला खरा ग्राहक महिन्याचे बिल भरणारा नाही, तो खिशात असतील तेवढ्याचे रिचार्ज मारणारा आहे. दहा रुपयांचे रिचार्ज सुरू झाले. दहा दिले की कर आणि प्रोसेसिंग फी वजा होऊन हाती सात-साडेसात रुपयांचा टॉकटाइम येई. मोठ्या रिचार्जवर मात्र ‘फुल टॉकटाइम’चा उत्सव. म्हणजे ज्याच्याकडे एका वेळी दहाच रुपये आहेत, त्याचा रुपया सर्वांत लहान. पुढे व्हाउचरांची इतकी दाटी झाली, रेट कटर, टॉप-अप, एसएमएस पॅक, नाइट पॅक, की २०१२ मध्ये ट्रायला त्यांवर रंगीत पट्ट्या छापायला लावाव्या लागल्या: प्लॅनला लाल, टॉप-अपला हिरवी, विशेष व्हाउचरला पिवळी.

२००५ च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ योजना आल्या. एकदा ९९९ रुपये भरा, येणारे कॉल आयुष्यभर चालू. पुढे ही रक्कम उतरत गेली. प्रश्न एवढाच होता की आयुष्य कोणाचे? नियामकाच्या लेखी ते ग्राहकाचे नव्हते. ते कंपनीच्या परवान्याचे होते. आणि परवाने वीस वर्षांचे असत.

जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने दरपत्रकाचे मापच बदलले. तोवर हिशोब मिनिटाच्या ‘पल्स’ने होई. मिनिटाला एक रुपया असा दर असेल, तर एकसष्ट सेकंद बोलणाऱ्याचे दोन रुपये कापले जात. वीस सेकंदांत ‘येतोय’ म्हणून ठेवणाऱ्याचाही पूर्ण रुपया. डोकोमोने सांगितले: सेकंदाला एक पैसा. आता एकसष्ट सेकंदांचे एकसष्ट पैसे, वीस सेकंदांचे वीस. मिनिटाच्या नावाखाली न बोललेले सेकंदही वर्षानुवर्षे विकले गेले होते, हे लोकांना त्या दिवशी आकड्यांत दिसले. वर्ष संपायच्या आत जवळजवळ सर्व कंपन्यांना सेकंदावर यावे लागले. साधारण ग्राहकाच्या बाजूने झालेला हा बहुधा सर्वांत स्वच्छ बदल. त्यासाठी ना नवे यंत्र लागले, ना नवा टॉवर. फक्त माप लहान झाले.

स्पर्धेच्या त्या काळात दोन सिमांचे फोन खिशाखिशांत आले. एका सिमवर येणारे कॉल, दुसऱ्यावर जाणारे. मायक्रोमॅक्ससारख्या देशी ब्रँडांनी आणि चिनी बनावटीच्या, मंदिराच्या भोंग्याइतक्या आवाजाच्या फोनांनी ही गरज ओळखली. नोकियाला दोन सिमांचे शहाणपण उशिरा सुचले. त्यांतल्या पुष्कळ चिनी फोनांना ओळखक्रमांक, म्हणजे आयएमईआय, नव्हता. २००९ च्या डिसेंबरपासून असे फोन बंद करण्यात आले. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. १९०० वर ‘पोर्ट’ असा मेसेज धाडायचा, शुल्क एकोणीस रुपये. आपला नंबर ही कंपनीची मालमत्ता नसून आपली ओळख आहे, ही भावना कायद्याने मान्य झाली ती तेव्हा.

एसएमएसचे प्रकरण थोडक्यात आटोपता येईल. वर्षभर स्वस्तात मिळणारे मेसेज दिवाळी, नववर्ष अशा दिवशी पूर्ण दराने आकारले जात. त्यांना ‘ब्लॅकआउट डे’ म्हणत. ज्या दिवशी मेसेज पाठवावासा वाटतो, नेमक्या त्याच दिवशी पॅक चालत नसे.

इंटरनेटचे माप त्याहून गूढ होते. पॅक न घेता टूजीवर नेट उघडले, तर अनेक कंपन्यांचा दर दहा केबीला दहा पैसे असे. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. त्या दराने एक एमबी सुमारे दहा रुपयांना पडते आणि एक जीबी सुमारे साडेदहा हजारांना. हा गुणाकार दरपत्रकावर कुठेही नसायचा. दहा केबी म्हणजे किती, हे डोळ्यांना दिसत नाही. मिनिट निदान घड्याळात दिसते. चुकून नेटचे बटण दाबले गेले आणि शिल्लक शून्यावर आली, या अनुभवातून एक पिढी गेली.

म्हणूनच त्या काळातली ॲपची तुलना वेगळी होती. कोणते ॲप सुंदर, हा प्रश्न नव्हता. कोणते कमी खाते, हा होता. ऑपेरा मिनी लोकप्रिय झाले ते यामुळे. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचे, तिथे दाबून लहान व्हायचे आणि मग फोनवर यायचे. मराठी वाचकांशी त्याचे आणखी एक नाते होते. पुष्कळ फोनांत देवनागरी नव्हती. मराठी पान उघडले की चौकोनांची रांग दिसे. ऑपेरा मिनीच्या एका आडवळणाच्या सेटिंगमध्ये किचकट लिप्यांसाठी बिटमॅप अक्षरे वापरण्याची सोय होती. ती चालू केली की सर्व्हर अक्षरांची चित्रे धाडी आणि साध्या फोनवर मराठी वाचता येई. डेटा थोडा अधिक जाई. तरी ही युक्ती एकाने दुसऱ्याला सांगावी अशी पसरली.

२०१० मध्ये थ्रीजीच्या लहरींचा लिलाव झाला आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. एवढी रक्कम मोजून आलेल्या कंपन्या डेटा स्वस्त विकणे शक्य नव्हते. १० एप्रिल २०१२ रोजी एअरटेलने देशातली पहिली फोरजी सेवा पुन्हा कोलकात्यातच सुरू केली. सामान्य माणसाच्या हाती मात्र ती आली नाही. त्याने निवडले व्हॉट्सॲप. ते नोकियाच्या साध्या फोनवरही चाले आणि एसएमएसच्या ब्लॅकआउट दिवसांना जुमानत नसे.

मग कंपन्यांनी आणखी एक माप सुचवले: ॲपनिहाय. काही ठरावीक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही त्यातली सर्वांत गाजलेली योजना. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडे इंटरनेट बरे, असा तिचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण काय फुकट आणि काय महाग हे एक कंपनी ठरवणार, म्हणजे वाचनालयाचे दार उघडे ठेवून कपाटांना कुलूप घालण्यासारखे होते. २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली. आधी डिसेंबरपर्यंत आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत सारे मोफत. पहिल्या सहा महिन्यांत दहा कोटी ग्राहक. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबीमागे सरासरी २६९ रुपये पडत. २०१८ मध्ये ११ रुपये ७८ पैसे. बोलणे जवळपास फुकट झाले आणि डेटाचे माप ‘दिवसाला अमुक जीबी’ असे झाले. रात्री बाराला उरलेला डेटा नाहीसा होई. त्याचे कोणाला फारसे वाटत नसे. २०१७ मध्ये १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन आला: बटणांचा, पण फोरजीचा.

आणि इथे मिस्ड कॉल परतला. जिओवर बोलणे फुकट. इतर कंपन्यांच्या टूजी ग्राहकाला मात्र प्रत्येक कॉलचे पैसे पडत. साहजिकच तो जिओवाल्या मुलाला मिस्ड कॉल देई आणि मुलगा उलट फोन करी. प्रत्येक उलट फोनमागे जिओला समोरच्या कंपनीस आययूसी द्यावा लागे, तेव्हा मिनिटाला सहा पैसे. कोट्यवधी मिस्ड कॉलांचे हे ओझे आपल्यावर पडते, अशी जिओची तक्रार. उलट स्पर्धकांचा आरोप असा की जिओने रिंग मुद्दाम आखूड केली आहे. आपल्या ग्राहकाचा कॉल लागायच्या आत तुटतो, समोरचा परत फोन करतो आणि आययूसीचा ओघ जिओकडे वळतो. मग त्यांनीही रिंग कापली. ज्या युक्तीने मुलाने वडिलांचे दोन रुपये वाचवले होते, तीच आता कंपन्या एकमेकींवर चालवत होत्या. तीस सेकंदांचा आदेश निघाला तो या भांडणात. १ जानेवारी २०२१ पासून आययूसीच शून्य झाला आणि मोजण्यासारखे काही उरले नाही.

निदान कॉलच्या बाबतीत. कारण दरम्यान माप पुन्हा बदलले होते, यावेळी दिवसांचे. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्जची अट आणली: ३५ रुपये, अठ्ठावीस दिवस. खात्यात शिल्लक असली तरी मुदत संपली की सेवा संपली. लाइफटाइम सिम जपून ठेवलेले, केवळ येणारे फोन घेणारे वृद्ध, शेतमजूर, गावाकडची आई, यांच्यासाठी कॉल घेणे पुन्हा मोफत राहिले नाही. १ मे २००३ ला जे मिळाले होते, ते कोणत्याही आदेशाविना निसटले. ३५ चे ४५ झाले, मग ७९, ९९; जुलै २०२४ मध्ये एअरटेलचा १७९ रुपयांचा प्लॅन १९९ वर गेला.

अठ्ठावीस दिवसांत एक चलाखीही होती. बारा महिन्यांच्या वर्षात अठ्ठावीस दिवसांची रिचार्जे तेरा बसतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा प्लॅन ठेवण्यास सांगितले. प्लॅन आले, यादीत ते शोधावे मात्र लागतात.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक नियम केला. ज्यांना डेटा नकोच आहे, त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे निदान एक व्हाउचर प्रत्येक कंपनीने ठेवावे, आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल. जानेवारी २०२५ मध्ये ती व्हाउचरे बाजारात आली. एअरटेलने आधीच्या ५०९ रुपयांच्या प्लॅनमधून सहा जीबी डेटा काढला आणि किंमत ४९९ ठेवली. ओरड झाल्यावर ती ४६९ झाली. जिओचे तसेच व्हाउचर ४५८ वरून ४४८ वर आले. दोन्हींची मुदत ८४ दिवस, म्हणजे तीन वेळा अठ्ठावीस.